गळक्या हीटरवर लीक-स्टॉप: जुन्या व्हॅनसाठी कितपत कामाचं?

पायाशी मॅट ओली, काचेवर आतून चिकट धुकं, गोडसर वास: कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) हीटर कोअरमधून, म्हणजे केबिन गरम करणाऱ्या छोट्या रेडिएटरमधून, गळतंय. रेडिएटरमध्ये ओतायचं लीक-स्टॉप सुईच्या टोकाएवढं छिद्र बुजवतं. कोअरचा सांधाच सुटला असेल तर पैसे पाण्यात. इंजिन थंड असतानाच झाकण उघडा, बाटली नीट हलवून ओता. हीटर पूर्ण गरमवर ठेवूनच इंजिन चालवा, कारण बऱ्याच जुन्या गाड्यांत हीटरचा व्हॉल्व्ह बंद असला की औषध कोअरपर्यंत पोचतच नाही. जास्त ओतलं तर बारीक नळ्या तुंबतात.

खरं तर बायपास (कोअर वगळणं) बरा: फायरवॉलपाशी, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापाशी, कोअरचे दोन्ही होज (रबरी नळ्या) काढून पितळी जोडनळी आणि दोन क्लिपांनी एकमेकांना जोडा, कूलंट भरा, हवा काढा. खर्च किरकोळ. हीटर अर्थातच बंद. कोकणात चालेल, मनालीत नाही.