रहस्यकथा: आराखडा आधी की लेखन आधी?

ठाण्यात राहून रहस्यकथा लिहिणाऱ्यांपुढे दोन वाटा असतात: संपूर्ण कथानकाचा आराखडा आधी तयार करणे, किंवा एखादा प्रसंग डोळ्यांसमोर आणून थेट लिहायला बसणे.

आराखड्याचा खरा लाभ काळ आणि अंतर यांच्या हिशेबात दिसतो. समजा, कथा १९९५ सालची आहे आणि संशयित ठाण्याहून वाशीला थेट लोकलने गेल्याचे सांगतो. ठाणे आणि वाशी यांना थेट जोडणाऱ्या ट्रान्स-हार्बर मार्गावर प्रवासी गाड्या २००४ साली धावू लागल्या, हे टिपणाच्या वहीत आधीच नोंदलेले असेल, तर तीच थाप तपासाचा धागा ठरते, आणि नोंदलेले नसेल, तर जाणकार वाचक तिथेच पुस्तक मिटतो. १८९३ साली स्थापन झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारखी संस्था हाताशी असताना अशा पडताळणीत कसूर करणे मला अक्षम्य वाटते.

थेट लेखनात पात्रे अधिक जिवंत होतात, हे मान्यच करावे लागेल. तलावपाळीवर भेळ खाणारा साक्षीदार पोलिसांचे नाव निघताच कागदाची पुडी चुरगळतो, असा बारकावा सहसा लिहिण्याच्या ओघातच सुचतो. मात्र खुनी कोण हे लेखकालाच उशिरा उमगले, तर आधीची प्रकरणे पुन्हा लिहून त्यांत सुगावे पेरावे लागतात.

दिवाळी अंकासाठी मुदतीत कथा द्यायची असेल, तर मी निःसंशय आराखड्याच्या बाजूने आहे. कादंबरीसाठी मात्र गुन्हा, गुन्हेगार आणि वेळापत्रक तेवढे आधी ठरवून बाकीचे लेखणीवर सोपवावे.