ब्रुना: कागदावरची आणि पडद्यावरची

ब्राझीलमधल्या साओ पावलोत वेश्याव्यवसाय करणारी राकेल पाशेको 'ब्रुना सुर्फिस्तिन्या' या नावाने ब्लॉग लिहायची. गिऱ्हाइकांना त्यात चक्क शेरे मिळायचे. २००५ साली आलेलं तिचं आत्मकथन तसंच, उड्या मारणारं: आजचं गिऱ्हाईक, मधेच शाळा, मधेच घर सोडून निघालेली सतरा वर्षांची मुलगी. शब्दांकन पत्रकाराचं, पण आवाज तिचाच, बिनधास्त, जरा आगाऊ.

मार्कुस बाल्दिनींचा त्यावरचा २०११चा सिनेमा गोष्ट सरळ रेषेत नेतो. घर, कुंटणखाना, पैसा, कोकेन, घसरण. पुढचं आधीच कळतं. पण ब्रुना झालेली देबोरा सेको! पहिल्या गिऱ्हाइकासमोर तिचा अवघडलेला चेहरा... ते पुस्तकात कुठून येणार?

तरी मी आधी पुस्तकच हातात देईन. सिनेमा बघा तो देबोरासाठी.