फिरता मासा मोजायचा कशावरून? उतरलेले टन, पकडीचे तास आणि सर्वेक्षण

तारली किंवा बांगड्यावर अभ्यास करायचा असेल, तर कुठल्या नोंदी घ्यायच्या हे आधी ठरवा.

सगळ्यांत सहज मिळतात ते बंदरावर उतरलेल्या मासळीचे आकडे. केरळात 2012 साली सुमारे 3.9 लाख टन तारली उतरली, 2021 साली फक्त 3,297 टन. एवढी मोठी पडझड नुसत्या टनांतही दिसते. पण मासा घटला, दुसरीकडे गेला की होड्याच कमी गेल्या, हे त्यातून कळत नाही. शिवाय तारलीची वीण मुख्यतः पावसाळ्यात, आणि जून-जुलैत आपल्याकडे यांत्रिक मासेमारी बंद. म्हणजे ऐन विणीच्या काळात यांत्रिक होड्यांची नोंदवही जवळजवळ कोरी.

टनांना मासेमारीत गेलेल्या तासांनी भागले की चित्र बरेच सुधारते. मात्र थव्याने फिरणाऱ्या माशाच्या बाबतीत हाच आकडा घात करतो. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडचा कॉड मासा हिवाळ्यात खोल पाण्यात दाटीने राहतो आणि उन्हाळ्यात कॅपेलिन या छोट्या माशामागे किनाऱ्याकडे येतो. 1980च्या दशकात मोठ्या ट्रॉलरना (जाळे ओढत नेणाऱ्या जहाजांना) ताशी पकड चांगली मिळत राहिली, कारण उरलेला मासा थव्यांत एकवटला होता आणि यंत्रांनी ते थवे हमखास सापडत. त्या आकड्यांवर भिस्त ठेवून साठ्याचे अंदाज फुगले. किनाऱ्यावरचे छोटे मच्छीमार मासा कमी झाल्याचे कळवळून सांगत होते. त्यांचे वेळेवर ऐकायला हवे होते. 2 जुलै 1992 रोजी मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे 30,000 लोकांचा रोजगार गेला.

संशोधन जहाजाचे सर्वेक्षण दरवर्षी तेच जाळे, त्याच पद्धतीने टाकते. मासा नसलेल्या जागीही टाकते, हे त्याचे खरे बळ. पण खर्च फार, दिवस थोडे, आणि त्या वर्षी मासा उशिरा आला तर आकडा फसतो.

माझे मत विचाराल तर, विद्यार्थ्याने टन आणि तास दोन्ही घ्यावेत. पर्ससीनसाठी (थव्याला वेढणाऱ्या मोठ्या जाळ्यासाठी) थवा शोधण्यात गेलेला वेळही लिहावा, नाहीतर ताशी पकडीला अर्थ उरत नाही. रिकाम्या परतलेल्या फेऱ्या गाळू नका. मासेमारीची मर्यादा ठरवायची असेल, तर सर्वेक्षणाशिवाय पुढे जाऊ नये. आणि छोट्या होड्यांच्या नोंदी ट्रॉलरच्या बेरजेत मिसळू नका. त्या वेगळ्या मांडा आणि दोन्हींचा कल उलटा दिसला, तर आधी तिथेच चौकशी करा.