केस टेकिंग शिकायला सीनियरची ओपीडी बरी की ऑनलाइन कोर्स?

बीएचएमएसची, म्हणजे होमिओपॅथीच्या डिग्रीची, इंटर्नशिप संपत आली की कोल्हापुरातला प्रत्येक ज्युनियर केस टेकिंगबद्दल (पेशंटची सगळी हकीकत काढून लिहून घेणं) हेच विचारतो, म्हणून एकदाच लिहितो. मी दोन्ही केलंय, आधी कोर्स आणि मग राजारामपुरीत एका सरांकडं सहा महिने बसलो. उलटं करायला पाहिजे होतं.

कोर्स वाईट नसतो. व्हिडिओ थांबवून परत बघता येतो, कुठल्या वाक्यावरून कुठलं रुब्रिक (सूचीतली लक्षणाची नोंद) घेतलं ते कळतं, केंटची रेपर्टरी, म्हणजे लक्षणांवरून औषध शोधायची सूची, एकदाची हाताखाली येते. पण त्यातले पेशंट निवडलेले, नीट क्रमानं बोलणारे आणि बहुतेक इंग्लिश नाहीतर हिंदीत. आपल्याकडं मावशी येऊन म्हणते "जीव वरखाली व्हायलाय", आता हे मळमळ, धडधड का भीती? हे कुठला कोर्स शिकवणार!

ओपीडीत पहिल्याच आठवड्यात माझी जिरली. कागलकडच्या एक काकू, डोकं दुखतंय म्हणून आलेल्या. मी विचारलं उन्हात वाढतं का, हो. आंघोळीनंतर? हो. रात्री? हो. डॉक्टर विचारतोय म्हणजे हो म्हणायचं, एवढंच. मग सरांनी नुसतं "बरं, मग?" म्हटलं आणि गप्प बसले, तर पाच मिनिटांनी दिरासोबतचं बांधावरचं भांडण निघालं आणि दुखणं त्याच महिन्यापासूनचं. होमिओपॅथीचा जनक हानेमाननं त्याच्या ऑर्गेनन या ग्रंथात लिहिलंयच की, पेशंटला मधे तोडू नका, हो-नाहीत उत्तर येईल असं विचारू नका, प्रत्येक लक्षण नव्या ओळीवर लिहा म्हणजे मागनं भर घालता येते. परीक्षेला हे सूत्र ८४ ते ८७ मी पाठ केलेलं, कळलं तिथं.

ओपीडीचा तोटा म्हणजे गर्दीच्या दिवशी सर्दी-खोकलाच बघत बसायचं आणि सर समजावतील याची गॅरंटी नाही, सर्टिफिकेट तर नाहीच. म्हणून आधीच विचारून घ्या, नव्या क्रॉनिक केसला बसू देणार का, आणि पेशंटलाही विचारायचं, नको म्हणाला तर गुपचूप बाहेर.

चंदगड-गडहिंग्लजवरनं रोज येणं शक्य नसेल तर आठवड्यात एक दिवस ओपीडी आणि बाकी कोर्स, हे जमतं. एमडीच्या एन्ट्रन्सला बसणार असाल तर आधी कोर्स उरका. इथंच दवाखाना टाकणार असाल तर कोर्सची फी सध्या खिशातच ठेवा.

आणि सर निवडताना एकच बघा, छातीत दुखतंय म्हणणाऱ्याला जो पहिला ईसीजीला पाठवत नाही त्याच्याकडं बसूच नका, कितीही गोड बोलत असला तरी.