मागचा जन्म कोणत्या गोव्यात: 1560 की 1955?

गोव्यात घडणारी पुनर्जन्माची प्रेमकथा लिहायची तर मागच्या जन्माला साल द्यावे लागते. मराठीत लिहिणारा माणूस बहुधा दोन काळांपाशी घुटमळतो: देवळे हलली तो सोळाव्या शतकाचा मध्य, किंवा मुक्तिलढ्याची अखेरची काही वर्षे.

1560 चा मोह कळण्यासारखा आहे. त्या साली मंगेशाचे लिंग कुठ्ठाळीहून जुवारीपार प्रियोळला नेले. म्हार्दोळची म्हाळसा मूळची वेर्ण्याची, कवळ्याची शांतादुर्गा केळशीची. एका घराने देव उचलून नदी ओलांडली, दुसऱ्याने जमीन राखण्यासाठी बाप्तिस्मा घेतला. ताटातूट आयतीच मिळते, वेगळा खलनायक रचावा लागत नाही. तपशिलांत पाय घसरतो, पण ते सावरता येते. जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलचे बांधकाम 1562 मध्ये सुरू झाले, बॉम जेझू बॅसिलिका तर 1594 नंतरची, म्हणून नायिकेला त्यांच्या सावलीत उभी करू नये. काजूची फेणी नको, माडाची सूर चालेल. असल्या चुका चांगला संपादक एका बैठकीत काढतो.

बोलीचे काय करायचे, हे मात्र कुणी काढून देत नाही. नदीकाठी ती दोघे बोलतात ते कसे? 1616 मध्ये रायतूरला छापलेले ख्रिस्तपुराण हा त्या सुमाराच्या गोव्यातल्या मराठीचा नमुना, पण ती ओवीतली ग्रंथभाषा. त्या वळणावर गेलो की प्रेमिक कीर्तनाला उभे राहिल्यासारखे वाटतात. ‘काय गे, रागावलीस?’ असे साधे लिहावे, तर सव्वाचारशे वर्षे एका वाक्यात पुसली जातात आणि आधीचा सगळा काळ नुसता पडदा ठरतो. संवाद कमी करून वर्णन वाढवावे, तर प्रेमकथेचा इतिहासाचा तास होतो. तिन्ही वाटांनी प्रकरणे लिहून पाहिली तरी हा खडा दाताखाली येतच राहिला. एखाद्याचा कान माझ्याहून तयार असेल, तर त्याला जमेलही.

शिवाय ओळख पटायची कशी? बाप्तिस्म्यानंतर नावे आणि आडनावे बदलली, देऊळ जागचे गेले, घर उरले नाही. आणि मधल्या चार शतकांत आत्मा कुठे होता, हे वाचक विचारतोच.

1955 कडे वळल्यावर पुरावा हाताशी येतो, पण हिशेब कडक होतो. मागचा जन्म सांगणाऱ्या मुलांचा अभ्यास करणारे मानसोपचारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन यांनी जमवलेल्या नोंदींत दोन जन्मांमधले अंतर बहुधा दीडेक वर्षाच्या आसपास आहे. दिल्लीची शांतीदेवी 1926 मध्ये जन्मली; ती स्वतःला मथुरेची जी बाई म्हणवत होती, ती 1925 मध्ये वारली होती. मात्र त्या बाईचा नवरा तेव्हाही हयात होता. नऊ-दहा वर्षांची मुलगी आणि तो विधुर: प्रेमकथेला हे अंतर पेलत नाही. म्हणून दोघांनाही मारावे लागते, तेही फार मागेपुढे न करता. नायक 15 ऑगस्ट 1955 ला गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीच्या सत्याग्रहात गोळी लागून पडला, नायिका 1961 च्या पावसाळ्यात तापाने गेली असे धरा. तो 1957 मध्ये, ती 1963 मध्ये पुन्हा जन्मते. चालू कथा मग 1986 मध्ये येते, वये 29 आणि 23.

हे साल नाइलाजाने येते आणि सोन्यासारखे निघते. 5 जुलै 1986 ला मांडवीचा पूल कोसळला आणि पणजी-बेतीची माणसे पुन्हा फेरीबोटीच्या रांगेत उभी राहिली. पूल मुळात 1970 चा, म्हणजे मागच्या जन्मातली भेटही होडीतच झालेली असणार. तीच नदी, तोच धक्का, तशीच वाट पाहणे. योगायोगासाठी लेखकाला घाम गाळावा लागत नाही. त्यात राजभाषेचे आंदोलन पेटलेले. एक घर मराठीवादी आणि दुसरे कोंकणीवादी ठेवले की लग्नाला विरोधही आलाच.

बोलीचा त्रास इथे जवळपास संपतो. रेजिदोर, लिसेव, कारेर, पोदेर हे पोर्तुगीज काळातले शब्द आजीच्या तोंडून ऐकून तसेच उतरवता येतात, आणि चुकले तर टोकणारे वडीलधारे अजून घराघरांत आहेत. सांभाळायचे ते थोडे. नायकाच्या खिशात रुपिया असेल, पण 1961 मध्ये नायिका एस्कुद मोजेल, 1 रुपियाला 6 या दराने बदललेले. मोठी चूक आठवणींत होते: मागचा जन्म सांगणारी मुले साधारण दोन ते चार वर्षांची असताना त्याबद्दल बोलू लागतात आणि सात-आठपर्यंत विसरतात. तेविसाव्या वर्षी नायिकेला धक्क्यावर एकाएकी सगळे लख्ख आठवले, तर जाणता वाचक पुस्तक मिटतो. तिचे लहानपणचे बोलणे आईने हिशेबाच्या वहीत टिपून ठेवलेले असावे आणि ती वही साधारण एकतृतीयांश कादंबरी झाल्यावर सापडावी. त्याआधी सापडली तर ओढ राहत नाही, फार उशिरा आली तर सारवासारव वाटते.

1560 च हवे असेल त्याने ते एकाच रात्रीपुरते घ्यावे: जुवारी, होडी, कापडात गुंडाळलेला देव. बोलणे चार-पाच वाक्यांवर जाऊ देऊ नये.