संगीताच्या इतिहासासाठी ऑडॅसिटी: सत्रभराच्या वापरानंतर

एम. ए. संगीताच्या इतिहासाच्या पेपरात घराण्यांवरची उत्तरं बहुतेक जण एकाच साच्यात लिहितात: संस्थापक, शिष्यपरंपरा, पाच वैशिष्ट्यं. जयपूर-अत्रौली घराण्याची वैशिष्ट्यं तर कोल्हापूरच्या विद्यार्थ्याला झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येतात. त्याचे संस्थापक अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी होते, तेव्हा हे घरचंच. पण ती वैशिष्ट्यं ध्वनिमुद्रिकेत नेमकी कुठे ऐकू येतात, असं तोंडी परीक्षेत विचारलं की गाडी अडते. तिथे ऑडॅसिटी हे ध्वनिफाइल ऐकायचं, तपासायचं आणि बदलायचं फुकट सॉफ्टवेअर कामाला येतं. लय आणि मांडणी मोजायला उत्तम, स्वर मोजायला चांगलं पण अटी आहेत, आणि जुन्या तबकड्या ‘स्वच्छ’ करायला शक्यतो वापरू नये, असं आमचं मत झालं आहे.

जुना लॅपटॉप चालतो. मोबाइलवर हे मिळत नाही. विंडोजवर एम४ए फाइल उघडत नसेल तर एफएफएमपेग हे जोड-सॉफ्टवेअर वेगळं टाकावं लागतं. जुन्या तबकडीची फाइल स्टीरिओ दिसली तरी मूळ मुद्रण मोनोच असतं. त्यामुळे आधी दोन्ही बाजू वेगवेगळ्या ऐकाव्यात. खाचेची एक भिंत जास्त झिजलेली असते आणि एका बाजूला खरखर कमी असते. तीच बाजू ठेवावी. दोन्ही सारख्या असतील तर मिसळून मोनो करावं.

आता खरा मुद्दा, वेगाचा. नेटवर चढवलेली जवळजवळ प्रत्येक तबकडी मिनिटाला ७८ फेऱ्यांवर वाजवून उतरवलेली असते. पण १९२५ पूर्वीच्या, भोंग्यात गाऊन केलेल्या मुद्रणात यंत्राचा वेग पक्का नव्हता. सत्तरीपासून ऐंशीच्या वरपर्यंत काहीही सापडतं. मूळ वेग ७६ असताना तबकडी ७८ वर वाजवली तर स्वर ४५ सेंट (अर्धस्वराचे शंभर सेंट) चढतो, म्हणजे जवळजवळ पाव स्वर. ७४ असेल तर ९१ सेंट, अर्धस्वराला थोडाच कमी. लयही त्याच प्रमाणात वाढते: ७४ च्या तबकडीत मिनिटाला ७६ मात्रांची मूळ लय ८० वाटते. अशा फाइलवरून ‘अमुक गायक काळी चारला गात’ असं लिहिणं म्हणजे वाळूवर भिंत.

वेग दुरुस्त करताना ‘चेंज पिच’ किंवा ‘चेंज टेम्पो’ घेऊ नये. ते दोन्ही एकाला हात न लावता दुसरं बदलतात. इथे स्वर आणि लय एकत्रच बिघडलेले असतात, म्हणून ‘चेंज स्पीड’ हवं (नव्या आवृत्त्यांत ‘चेंज स्पीड अँड पिच’). किती बदलायचं, याला एकच पुरावा पुरत नाही. त्याच बैठकीतल्या दुसऱ्या तबकडीचा षड्ज (सा) पाहावा. शेवटी गायक नाव सांगत असेल तर ते बोलणं ऐकावं, कारण वेग जास्त असला की बोलणं गाण्याआधी पोरकट वाटतं. गौहर जान यांची १९०२ मधली मुद्रणं यासाठी सरावाला चांगली. तेव्हा तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात आणि छापणाऱ्यांना गाणारं कोण हे कळावं म्हणून नाव उच्चारायची पद्धत पडली. आज ती उद्घोषणा आपल्या कामाची. साथीच्या हार्मोनियमवर मात्र फार भिस्त ठेवू नये, सगळ्या पेट्या एकाच सुरात लावलेल्या नसत. विजेची ५० हर्ट्झची गुणगुण दिसली तरी वेगाचा पुरावा मिळाला म्हणून हुरळून जाऊ नये. ती बहुतेक वेळा तबकडी उतरवतानाच्या वायरिंगची असते.

मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांवर हे करून पाहण्यासारखं आहे. त्यांची १९०५ च्या सुमाराची भोंग्यातली मुद्रणं आहेत आणि १९३० च्या दशकातली विजेवरची, म्हणजे मायक्रोफोनची, मुद्रणंही. आवाज मुळातच उंच पट्टीचा, म्हणून वाढलेला वेग कानाला खटकत नाही. दोन काळांतला षड्ज ताडून पाहिल्याशिवाय ‘गायकी अशी बदलली’ हे विधान करू नये.

लय मोजणं सोपं आणि सर्वांत फलदायी. फाइल वाजत असताना दर समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) कंट्रोल-एम दाबायचं, त्या जागी लेबल म्हणजे खूण पडते. हात किंचित उशिरा पडतो, पण दर वेळी तेवढाच, म्हणून दोन समांतलं अंतर बरोबर येतं. नंतर लेबलं मजकूर फाइल म्हणून बाहेर काढून स्प्रेडशीटमध्ये वजाबाकी करायची. तीनतालाचं १६ मात्रांचं आवर्तन १२ सेकंदांचं आलं तर मिनिटाला ८० मात्रा. भोंग्याच्या मुद्रणात साधारण २५० हर्ट्झच्या खालचं काही नीट उतरतच नसे, त्यामुळे तबल्याच्या जोडीतला डग्गा जवळजवळ गायब असतो. तिथे सम मुखड्यावरून, म्हणजे समेकडे नेणाऱ्या बंदिशीच्या ओळीवरून, पकडावी.

इथे जयपूर-अत्रौलीचं उत्तर जिवंत होतं. खुद्द अल्लादिया खाँची ध्वनिमुद्रिका नाही, म्हणून पुरावा शिष्यपरंपरेचा: केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, मल्लिकार्जुन मन्सूर. समेची लेबलं लावून झाली की दुसऱ्या पट्टीवर (ट्रॅकवर) तान सुरू आणि तान संपली अशी लेबलं लावावीत. तान मात्रेच्या मधूनच उठते का, समेला न थांबता पुढच्या आवर्तनात शिरते का, मुखडा किती मात्रा आधी येतो, हे आकड्यांत समोर येतं. अट एवढीच की दहा इंची तबकडी जेमतेम तीन मिनिटांची. त्यात बसवायला लय वाढवली जाई, आलाप आखडला जाई. तबकडीतली लय हीच मैफलीतली लय असं लिहिलं तर परीक्षक गुण कापतील, आणि बरोबरच करतील.

स्पेक्ट्रोग्राम (कोणत्या वेळी कोणती कंपनं आहेत याचं चित्र) दिसायला भारी, पण मूळ सेटिंगवर निरुपयोगी. विंडो, म्हणजे एका वेळी तपासला जाणारा तुकडा, २०४८ नमुन्यांची असते. सेकंदाला ४४१०० नमुन्यांच्या फाइलमध्ये त्यामुळे २१ हर्ट्झच्या पायऱ्या पडतात. षड्ज २४० हर्ट्झ असताना कोमल ऋषभ तिथून अवघा १४ हर्ट्झवर. विंडो १६३८४ केली की पायरी २.७ हर्ट्झची होते, पण वेळ अंधुक होतो आणि ताना एकमेकींत मिसळतात. ठेहरावाच्या स्वराला मोठी विंडो, तानेला लहान. श्रुतींवरचे (सूक्ष्म स्वरांतरांवरचे) निष्कर्ष यावरून काढायचा मोह टाळावा.

ग्रंथांच्या भागाला हे सॉफ्टवेअर उपयोगी पडेल असं वाटत नव्हतं, पण पडतं. अहोबल आणि श्रीनिवास या जुन्या ग्रंथकारांनी तारेच्या लांबीवर स्वरस्थानं सांगितली आहेत. मूळ ग्रंथांत इंच नाहीत, तारेचे भाग आहेत. ३६ इंचांची तार आणि षड्जाची २४० कंपनं ही नंतरची शिकवण्याची सोय. त्या हिशेबाने तार षड्ज १८ वर, मध्यम २७, पंचम २४, ऋषभ ३२. फळीवर तार ताणून हे रेकॉर्ड करावं आणि ‘प्लॉट स्पेक्ट्रम’मध्ये शिखर पाहावं. तार बोटाने दाबली की ताण वाढून स्वर चढतो आणि हिशेब चुकतो. खालून सरकती घोडी लावावी, तार वर न उचलणारी. तंबोऱ्यावर करायचं तर जीवा (घोडीवर तारेखाली घातलेला दोरा) काढावी. जवारीमुळे, म्हणजे त्या दोऱ्याने येणाऱ्या झंकारामुळे, वरचे स्वयंभू स्वर इतके जोरात येतात की शिखर भलत्याच जागी दिसतं. धैवताचं कोडं इथेच सुटतं: पंचम आणि तार षड्ज यांचा नेमका मध्य घेतला तर २१ इंच आणि ४११ कंपनं, ऋषभाचा पंचम म्हणून घेतला तर २१⅓ इंच आणि ४०५. फरक २७ सेंटचा, कानाला स्पष्ट कळतो. पाठ्यपुस्तकात ४०५ का येतं, हे मग घोकावं लागत नाही.

तक्रारी दोन. ‘नॉइझ रिडक्शन’ (खरखर काढणारा इफेक्ट) १२ डेसिबलवर चालवलं की खरखरीबरोबर तंबोराही जातो आणि आवाज पाण्यातून आल्यासारखा होतो. फारच त्रास असेल तर ६ च्या खाली ठेवावं, आणि मोजमाप नेहमी मूळ फाइलवर. दुसरी, फाइलच्या आकाराची. तीन मिनिटांची स्टीरिओ तबकडी प्रकल्पात ६० एमबीच्या वर जाते आणि प्रत्येक इफेक्टगणिक फुगते. आवृत्ती ३ पासून सगळं एका एयूपी३ फाइलमध्ये राहतं हे बरं. त्याआधीच्या आवृत्तीत डेटाचं फोल्डर वेगळं असे. विभागातल्या संगणकावर जुनी आवृत्ती असेल तर पेन ड्राइव्हवर दोन्ही घ्यावं, नुसती एयूपी (जुनी प्रकल्प फाइल) नेली तर घरी रिकाम्या पट्ट्या उघडतात. आणि फाइलच्या नावात तबकडीचा क्रमांक लिहावा. नेटवरच्या शीर्षकातलं साल आणि रागाचं नाव चुकीचं असू शकतं, लेबलवरचा आणि मधल्या मोकळ्या वर्तुळात कोरलेला क्रमांक त्यापेक्षा विश्वासाचा.