कमळ लावू की जास्वंद?

जागा एकच आहे, ऊन बरं येतं, आणि तिथं फुलणारं काहीतरी हवंय. पाण्याच्या टबात कमळ लावावं की कुंडीत जास्वंद, असा प्रश्न पडला असेल तर फूल कुणाचं देखणं हा वाद आधी बाजूला ठेवा. त्याचा निकाल लागत नाही, आणि लागला तरी झाड जगवायला त्याचा उपयोग नाही. मी दोन्ही सांभाळली आहेत, दोन्ही मारलीही आहेत. त्यातून एक कळलं: कमळ सगळे कष्ट सुरुवातीलाच एकरकमी मागून घेतं, जास्वंद रोज थोडेथोडे मागत राहते. तुमच्याकडून यातलं काय निभेल, ते बघा.

त्याही आधी ऊन मोजा. एखाद्या दिवशी सकाळपासून दर दोन तासांनी त्या जागेवर नजर टाका आणि थेट ऊन किती वेळ पडतं ते लिहून ठेवा. कमळाला किमान 6 तास थेट ऊन लागतं. चार तासांत पानं छान येतील, फूल मात्र बहुधा येणार नाही. जास्वंदीलाही ऊन प्रियच, पण चार तासांत ती रुसून बसत नाही. फुलं कमी देते, इतकंच. तुमचं उत्तर चार तासांच्या आसपास आलं तर पुढचं वाचायची फारशी गरज नाही, जास्वंद लावा. पाण्यातलंच हवं असा हट्ट असेल तर कुमुदिनी, म्हणजे वॉटर लिली बघा. तिचे काही वाण कमी उन्हातही फुलतात.

कुमुदिनीचा विषय निघालाच आहे तर खरेदीतली फसगतही सांगतो. कमळ म्हणून कुमुदिनी सर्रास विकली जाते. ओळखायला फुलाची गरज नाही, पान पुरेसं आहे. कुमुदिनीचं पान पाण्यावर पसरलेलं असतं आणि त्याला देठापर्यंत एक चीर असते. कमळाचं पान अखंड गोल, देठ बरोबर मध्याखाली, आणि मोठं झालं की पाण्यापासून वर हवेत उभं. निळ्या कमळाचं बी कुणी विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा. खरं कमळ पांढरं, गुलाबी किंवा पिवळं असतं. निळी असते ती कुमुदिनी.

आता कमळाचे ते एकरकमी कष्ट. तळाला भोक नसलेला, साधारण 60 सेंटिमीटर रुंद टब घ्या. माती जड, चिकण, गाळाची हवी. ‘पंकज’, म्हणजे चिखलात जन्मलेलं, या नावातच ती सांगून ठेवली आहे, तरी आपण कुंडीच्या सवयीनं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, घालतो आणि दुसऱ्या दिवशी ते सगळं वर तरंगताना बघतो. शेणखतही नको, ते पाण्यात कुजतं आणि शेवाळाची मेजवानी होते. मातीचा 12-15 सेंटिमीटरचा थर, त्यावर कंद आडवा, कोंब उघडा, आणि वर तरंगू नये म्हणून कंदावर एखादा दगड. सुरुवातीला मातीवर वीतभरापेक्षा कमी पाणी ठेवा, पानं वाढतील तसं वाढवा. लावायची वेळ थंडी संपून पाणी कोमट लागायला लागलं की.

कोंबाला मात्र जपा. माझा पहिला कंद मी माती नीट करताना कोंबाशीच मोडला. कोंब मोडला की त्या टोकाची वाढ संपली, आणि माझ्या कंदाला दुसरं टोक नव्हतं. महिनाभर मी चिखलाला पाणी घालत होतो.

बियांपासूनही कमळ होतं. टणक कवच कानशीवर किंवा सँडपेपरवर एका बाजूनं घासून बी पाण्यात ठेवलं की थोड्याच दिवसांत कोंब दिसतो. हे बी भलतंच चिवट: चीनमधल्या एका जुन्या तळ्याच्या गाळात सापडलेलं सुमारे 1300 वर्षांपूर्वीचं बी शास्त्रज्ञांनी रुजवून दाखवलं आहे. पण फुलाला दुसरं वर्ष उजाडू शकतं. घाई असेल तर कंदच बरा.

पहिली पानं पाण्यावर लोळतात, नंतरची उभी राहतात. उभी पानं दिसेपर्यंत फुलाची आशा धरू नका आणि तोवर खतही देऊ नका. त्यानंतर मधूनमधून खताची गोळी मातीत खोल दाबायची, पडलेली पानं देठ पाण्याच्या वर ठेवून कापायची आणि पाणी भरत राहायचं. संपलं काम. चार-पाच दिवस गावाला गेलात तर टब काही बोलत नाही. कुंडीतली जास्वंद भर उन्हाळ्यात दोन दिवसांतच मान टाकते.

जास्वंदीची सुरुवात त्यामानानं पोरखेळ. वीतभर फांदी ओलसर मातीत खोचली तर महिना-दीड महिन्यात मुळं धरते, आणि तयार रोप आणलं तर कळ्यांसकटच येतं. माती निचऱ्याची हवी, कुंडीला भोकं हवीत, बस. पुढे मात्र तिची रोजची हजेरी असते. पाणी कधी भरपूर, कधी विसरलं, असं केलंत की कळ्या गळतात. फुलकिडे शिरले तरी गळतात, कुंडी इकडची तिकडे हलवली तरी गळतात. कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. वेळीच पुसून काढला नाही तर सगळ्या फांद्यांवर पसरतो. खत थोडं पण वारंवार. पालाश (पोटॅश) चालतं, स्फुरदाचा (फॉस्फरसचा) मारा मात्र तिला सोसत नाही. फुलं नव्या फुटव्यांवर येतात, म्हणून वर्षातून एकदा, थंडी सरताना, तिसरा हिस्सा छाटायचा. नवख्यांना हेच जमत नाही. कळ्या दिसत असताना कात्री उचलवत नाही, मग काही वर्षांनी खाली नुसती काठी आणि शेंड्याला दोन फुलं.

फुलांचा हिशेब असा. जास्वंदीचं फूल बहुधा एकाच दिवसाचं, पण निरोगी झाडावर उद्याची कळी तयारच असते, आणि हिमाचा त्रास नसेल तर बहुतेक वर्षभर. कमळाचं फूल तीन-चार दिवस टिकतं, सकाळी उघडतं, दुपारकडे मिटतं. शिवाय ते स्वतः ऊब तयार करतं. बाहेर 10 अंश असतानाही फुलाचं तापमान 30 ते 36 अंशांच्या दरम्यान राहतं, असं मोजमापांतून दिसलं आहे. कमळाच्या पानावर थेंब पळताना बघितले की अळवाची आठवण होईल. पण हे सगळं उन्हाळी महिन्यांत. थंडीत कंद झोपतो आणि टबात तपकिरी देठांचं पाणी उरतं. जागा दाराशीच असेल तर हे चित्र रोज बघवेल का, ते आधी ठरवा.

तीन गोष्टी लोक टब भरल्यावर विचारतात, त्या आधीच सांगतो. पहिली वजन: 60 सेंटिमीटरचा टब 40 सेंटिमीटर भरला की माती-पाणी मिळून सव्वाशे किलोच्या आसपास किंवा वरच जातो. गच्चीत किंवा बाल्कनीत ठेवायचा तर बांधकामाच्या जाणकाराला विचारा. भरल्यावर हलवता येत नाही. जास्वंदीची कुंडी दोघं मिळून उचलतात. दुसरी डास: उबेत अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. चार-पाच गप्पी मासे सोडले की अळ्या राहत नाहीत. मासे आले की औषध फवारणी बंद; कमळावरचा मावा पाण्याच्या फवाऱ्यानंच धुवायचा. हे मासे किंवा जास्त झालेले कंद ओढ्या-तळ्यात मात्र सोडू नका. तिसरी लहान मुलं: रांगणारं किंवा नुकतं चालायला लागलेलं मूल घरात असेल तर उघडं पाणी नकोच. थोड्याशा पाण्यातही जीव जातो. इथे माझं मत ठाम आहे, ती दोन-तीन वर्षं जास्वंदच.

या तिन्हींतून सुटलात, ऊन भरपूर आहे आणि रोज कुंडीपाशी उभं राहायला सवड नाही, तर कमळ. सकाळी चहा घेताना झाडाशी चार मिनिटं घालवणं ज्याला आवडतं, त्यानं जास्वंद लावावी. कमळापाशी त्याला करायला काही उरत नाही आणि तो उगाच खत घालून पानं जाळतो.

दोन्ही लावायची असतील तर जास्वंदीची सावली टबावर पडणार नाही अशी कुंडी ठेवा, आणि तिच्यावर काहीही फवारायचं असेल तेव्हा ती उचलून लांब न्या. वाऱ्यावर उडालेले थेंब आधी माशांपर्यंत पोचतात.